उमेदवाराच्या अनुत्तरित शंका आणि भरतीची प्रक्रिया : गंगाखेड परिसरातील स्थलांतराच्या संदर्भात

प्रस्तावना

गोदावरीच्या दक्षिण तीरावरील गंगाखेड हे संत जनाबाईंचे जन्मस्थान म्हणून महाराष्ट्राला परिचित आहे. परंपरेने सांगितलेल्या चरित्रानुसार जनाबाई बालपणीच गाव सोडून पंढरपूरला दामाशेटींच्या घरी कामासाठी राहिल्या. कामासाठी गाव सोडणे ही गोष्ट या परिसराला नवी नाही. तालुक्याच्या दक्षिणेकडील बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोड कामगारांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे निघतात. शिकलेली मुले पुणे, चाकण, रांजणगाव येथील कारखान्यांत कंत्राटदारामार्फत लागतात. अलीकडच्या काळात जर्मनी, इस्रायल, आखाती देश येथील नोकऱ्यांच्या जाहिरातीही तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचू लागल्या आहेत.

या तिन्ही प्रवाहांचे स्वरूप भिन्न असले, तरी त्यांच्या प्रारंभी एकच क्रिया असते, ती म्हणजे भरती. भरतीचा विचार सामान्यतः नियोक्त्याच्या बाजूने केला जातो. उमेदवाराची पात्रता, कौशल्य, अनुभव आणि प्रामाणिकपणा कसा तपासावा, यावर व्यवस्थापनशास्त्रात विपुल लेखन झालेले आहे. उमेदवाराच्या मनात कोणत्या शंका असतात, त्या तो का विचारत नाही आणि त्यांची उत्तरे भरती करणाऱ्याने आधीच का द्यावीत, या बाजूकडे मात्र तुलनेने कमी लक्ष दिले गेले आहे. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या बाजूचे विवेचन करण्याचा प्रयत्न केला आहे. ज्या शंकेचे उत्तर भरती करणाऱ्याच्या सोयीचे असते, ती शंका तो विचारण्यापूर्वीच ओळखतो व दूर करतो. ज्या शंकेच्या उत्तराने त्याच्यावर जबाबदारी येते, ती शंका मात्र अनुत्तरित राहते, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

भरती : एक दुहेरी निवड

नियोक्ता उमेदवाराची निवड करतो, तशीच उमेदवारही नोकरीची निवड करीत असतो. परंतु या दोन निवडींमध्ये माहितीची समानता नसते. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन माहितीच्या विषमतेचा सिद्धांत मांडला. विकणाऱ्याला वस्तूचे दोष ठाऊक असतात, घेणाऱ्याला नसतात, आणि त्यामुळे चांगल्या वस्तूवरचाही विश्वास उडतो, असा त्या विवेचनाचा आशय होता. श्रमाच्या बाजारात कामाचे खरे स्वरूप, कामाचे तास, राहण्याची सोय आणि कपातींचे नियम नियोक्त्याला ठाऊक असतात. उमेदवाराला ते बहुधा कामावर पोहोचल्यानंतर कळतात.

दुसरी बाब अशी की, स्थलांतराचा निर्णय एकटी व्यक्ती घेत नाही. ओडेड स्टार्क आणि डेव्हिड ब्लूम यांनी १९८५ मध्ये स्थलांतराच्या नव्या अर्थशास्त्राची मांडणी करताना हा निर्णय कुटुंबाचा असतो, हे स्पष्ट केले. घरातील एक जण बाहेर जातो, कारण शेतीतील जोखीम कुटुंबाला वाटून घ्यायची असते. मराठवाड्यातील कोरडवाहू शेतकरी कुटुंबाला हे तत्त्व पुस्तकातून शिकावे लागत नाही. एक भाऊ शेत बघतो, दुसरा कारखान्याला जातो, ही तिथली रीतच आहे. म्हणून मुलाखतीच्या खोलीत एकटा उमेदवार बसलेला दिसत असला, तरी त्याच्या शंकांमध्ये आईवडील, पत्नी, मुले, शेत, जनावरे आणि डोक्यावरचे कर्ज यांचाही समावेश असतो.

तिसरी बाब भरती करणाऱ्यांच्या एका भीतीशी निगडित आहे. कामातील अडचणी आधीच सांगितल्या तर उमेदवार येणार नाहीत, असे त्यांना वाटते. अमेरिकन संशोधक जॉन वानस यांनी १९७३ मध्ये दूरध्वनी केंद्रातील कामासाठी आलेल्या उमेदवारांवर या प्रश्नाचा अभ्यास प्रसिद्ध केला. काहींना कामाची केवळ आकर्षक बाजू दाखविण्यात आली, तर काहींना कामातील कंटाळवाण्या व कठीण बाजूंसह वास्तवदर्शी परिचय करून देण्यात आला. वास्तव कळल्यामुळे नोकरी स्वीकारणाऱ्यांच्या प्रमाणात लक्षणीय फरक पडला नाही. मात्र ज्यांना खरे चित्र दाखविले होते, त्यांच्या अपेक्षा वास्तवाला धरून राहिल्या आणि नोकरी सोडण्याचा विचार त्यांच्या मनात कमी आला. पुढील काळातील अभ्यासांत हा परिणाम मर्यादित प्रमाणातच आढळला, हे खरे. तरीही खरे सांगितल्याने उमेदवार पळून जातो, या समजुतीला त्या अभ्यासाने धक्का दिला.

मुकादमाची भरतीपद्धती

उमेदवाराच्या शंका आधी ओळखण्याची कला आधुनिक मनुष्यबळ विभागांनी शोधून काढलेली नाही. ऊसतोडीची टोळी बांधणारा मुकादम ती फार पूर्वीपासून जाणतो. पोळ्यापासून दसऱ्यापर्यंतच्या काळात कुटुंबाच्या हातात पैसा नसतो. पेरणीचे देणे, मुलीचे लग्न, दवाखाना, घराची दुरुस्ती यांपैकी काहीतरी समोर उभे असते. नेमक्या याच काळात मुकादम उचल घेऊन दारात येतो. पैसे कधी मिळतील, ही पहिली शंका तो काम सुरू होण्याच्या कितीतरी आधी मिटवतो. परक्या मुलखात सोबत कोण असेल, ही दुसरी शंका. तिचे उत्तर म्हणून टोळी बहुधा एका गावातील किंवा नात्यागोत्यातील माणसांची बांधली जाते. बायकोमुलांचे काय, ही तिसरी शंका. पती-पत्नी मिळून एक कोयता, या हिशेबामुळे कुटुंब एकत्र जाते. बैलांचे काय, या चौथ्या शंकेचे उत्तर बैलगाडीच्या कामात सापडते. बैलही सोबत जातात आणि उसाच्या वाढ्यांवर त्यांचा चारा भागतो.

कोणत्याही कंपनीच्या भरती अधिकाऱ्याला हेवा वाटावा, अशी ही तयारी आहे. कामगारही मुकादमाला केवळ दलाल मानत नाही; अडल्या वेळी पैसे देणारा माणूस म्हणून त्याच्याकडे पाहतो. मुकादमाची स्वतःची बाजूही लक्षात घ्यायला हवी. तो कारखान्याकडून किंवा वाहतूकदाराकडून आगाऊ रक्कम घेतो, तिच्यासाठी करारपत्र लिहून देतो आणि टोळी आली नाही तर वसुलीचा तगादा त्याच्यामागे लागतो. त्यामुळे या व्यवस्थेचे सारे दोष एकट्या मुकादमाच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. आपण नियोक्ता आहोत ही गोष्ट कारखाना मान्य करीत नाही आणि कामगाराशी त्याचा थेट लेखी संबंध नसतो, हे या व्यवस्थेचे खरे वैगुण्य आहे.

ज्या शंका विचारल्या जात नाहीत

मुकादम ज्या शंकांची उत्तरे देतो, त्या सर्व कामगाराला निघण्यास प्रवृत्त करणाऱ्या आहेत. हिशेब, आजारपण, मुलांचे शिक्षण आणि मध्येच परत येण्याची मुभा या शंका मात्र बाजूला राहतात.

प्रथम हिशेबाचा विचार करू. जानेवारी २०२४ मध्ये साखर संघ आणि कामगार संघटना यांच्यात झालेल्या तडजोडीत तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ मान्य झाली आणि दर टनामागे सुमारे ३६६ रुपयांवर गेला. स्पष्टीकरणासाठी असे समजू की, एका कोयत्याने १ लाख रुपये उचल घेतली आणि तो कोयता दिवसाला २ टन ऊस तोडतो. ही उचल फेडण्यासाठी सुमारे २७३ टन ऊस तोडावा लागेल, म्हणजे एकही खाडा न करता साधारण १३७ दिवस काम करावे लागेल. हंगाम १०० दिवसांत आटोपला, तर ७३,२०० रुपयांचे काम होईल आणि २६,८०० रुपये अंगावर राहतील. दर आठवड्याची किंवा पंधरवड्याची खर्ची यात धरलेली नाही. ती धरली तर बाकी आणखी वाढते. २०२४-२५ चा गाळप हंगाम अनेक कारखान्यांत लवकर आटोपला, हे लक्षात घेतले तर वरील उदाहरण केवळ काल्पनिक राहत नाही. उरलेली बाकी पुढील वर्षाच्या उचलीत मिळविली जाते आणि पुढच्या वर्षीची भरती त्याच क्षणी पक्की होते. हा हिशेब पाचवी-सहावीच्या गणिताचा आहे. परंतु उचल घेताना तो कागदावर मांडून दाखविण्याची जबाबदारी कोणावरही नाही.

दुसरी शंका देहाची आहे. आजारपणामुळे काम बुडाले तर त्याला खाडा म्हणतात आणि खाड्याचा दंड कापला जातो. मासिक पाळी, गरोदरपण, बाळंतपण या काळात काय करावयाचे, हा प्रश्न टोळी ठरविताना स्त्री विचारू शकत नाही, कारण बोलणी बहुधा पुरुषांमध्ये होतात. या मौनाची किंमत किती मोठी असू शकते, याकडे २०१९ मध्ये बीड जिल्ह्याने राज्याचे लक्ष वेधले. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसमोर आलेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ महिलांची गर्भाशये काढण्यात आल्याचे आढळले. या शस्त्रक्रियांमागे वैद्यकीय, आर्थिक व सामाजिक अशी अनेक कारणे गुंतलेली होती. तथापि काम बुडू नये आणि दंड बसू नये ही चिंता त्यांत होती, हे त्या वेळच्या चर्चेतून वारंवार पुढे आले. आजारपणाच्या रजेचे उत्तर भरतीच्या वेळी दिलेले असते, तर या चिंतेचा भार निश्चितच हलका झाला असता.

तिसरी शंका मुलांच्या शिक्षणाची. शाळेचे पहिले सत्र संपता संपता आईवडील निघतात. मूल सोबत गेले तर शाळा बुडते आणि मागे राहिले तर त्याला सांभाळणार कोण, हा प्रश्न उभा राहतो. या शंकेला शासनाने काही प्रमाणात उत्तर दिले आहे. २०१९ मध्ये लोकनेते गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ स्थापण्याचा निर्णय झाला. गाळप झालेल्या उसावर टनामागे १० रुपये कारखान्यांकडून घेऊन त्यातून निधी उभारण्याची तरतूद करण्यात आली. २०२१ मध्ये संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजनेत ४१ तालुक्यांसाठी मुलांची व मुलींची मिळून ८२ वसतिगृहे मंजूर झाली. परभणी जिल्ह्याचाही या योजनेत समावेश आहे. मात्र वसतिगृहाची माहिती कामगारापर्यंत पोहोचण्याची योग्य वेळ उचल घेण्याची असते. टोळी गेल्यानंतर लावलेले माहितीपत्रक कोणी वाचत नाही.

चौथी शंका परतीची. काम जमले नाही, घरी कोणी आजारी पडले, मारहाण झाली, तर परत येता येईल काय? ही शंका सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत कमी वेळा विचारली जाणारी आहे. जो निघण्यापूर्वीच परतीचे विचारतो, तो पळून जाईल, असा संशय घेतला जातो. प्रश्न विचारणे हेच जिथे अपात्रतेचे लक्षण ठरते, तिथे उमेदवार गप्प बसतो. त्याचे मौन म्हणजे त्याची संमती, असा अर्थ लावणे चुकीचे आहे. १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने आगाऊ रकमेच्या बदल्यात माणसाला कामाशी बांधून ठेवणे बेकायदेशीर ठरविले आहे. हा कायदा आपल्यालाही लागू पडू शकतो, हे कामगाराला भरतीच्या वेळी कोणी सांगत नाही.

सातासमुद्रापलीकडील भरती : काही पूर्वानुभव

परदेशी नोकरीची भरती मराठी माणसाला वाटते तितकी नवीन नाही. मॉरिशसमध्ये १८३४ पासून भारतीय करारबद्ध मजूर नेले गेले. त्यांत रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर या भागांतील मराठी कुटुंबे होती आणि त्यांचे वंशज आजही तेथे मराठी समाज म्हणून ओळखले जातात. करार या अर्थाच्या 'अ‍ॅग्रिमेंट' या इंग्रजी शब्दाचे 'गिरमिट' झाले आणि मजूर 'गिरमिटिया' म्हणून ओळखला जाऊ लागला. त्या काळीही कायद्याने भरतीवर देखरेख होती. मजुराची नोंदणी करताना त्याला कराराच्या अटी समजल्या आहेत काय, हे अधिकाऱ्याने विचारणे अपेक्षित होते. परंतु हा प्रश्न घर सोडून, दलालासोबत दूरवर आल्यानंतर विचारला जाई. तेव्हा नाही म्हणून परत फिरण्याची वाट मजुरापाशी उरलेली नसे. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. शंका विचारण्याची संधी केवळ असून भागत नाही. ती माघार घेणे शक्य असतानाच मिळावी लागते.

आजचा १९८३ चा उत्प्रवासन कायदा या दृष्टीने पुढे आहे. परदेशातील नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटाची नोंदणी आवश्यक आहे. त्याने उमेदवाराकडून घ्यावयाच्या सेवाशुल्कावर ३०,००० रुपये अधिक वस्तू व सेवा कर अशी मर्यादा आहे. नोंदणीकृत एजंटांची यादी ई-मायग्रेट या शासकीय संकेतस्थळावर पाहता येते. प्रवासी भारतीय बीमा योजनेत दोन वर्षांसाठी २७५ रुपये किंवा तीन वर्षांसाठी ३७५ रुपये हप्त्यात १० लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते. दहावी उत्तीर्ण नसलेल्या व्यक्तीचे पारपत्र साधारणतः ईसीआर वर्गात मोडते. तिला आखाती देशांसह १८ देशांत नोकरीसाठी जाताना उत्प्रवासन संरक्षक कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते. या परवानगीच्या निमित्ताने तिचा करार तरी तपासला जातो.

येथे महाविद्यालयीन अध्यापकांनी ध्यानात घ्यावी अशी एक बाब आहे. दहावी उत्तीर्ण झालेला तरुण या तपासणीतून वगळला जातो. परिचारिकांचा अपवाद सोडल्यास पदवीधराचा करार पाहण्याचे बंधन कोणत्याही कार्यालयावर नाही. शिकलेला माणूस आपले हित स्वतः जाणतो, असे कायद्याने गृहीत धरले आहे. ते कितपत खरे आहे, याचे उत्तर २०२२ पासून परराष्ट्र मंत्रालयाने वारंवार प्रसृत केलेल्या सूचनांत मिळते. थायलंडमध्ये संगणकावरील नोकरी आहे असे सांगून नेलेल्या भारतीय तरुणांना म्यानमारच्या सीमाभागात सायबर फसवणुकीच्या केंद्रांत डांबण्यात आले. त्यांच्यापैकी अनेक जण सुशिक्षित, संगणक जाणणारे होते. करार वाचता येणे आणि कराराविषयी प्रश्न विचारता येणे या दोन भिन्न क्षमता आहेत.

जर्मनीचे उदाहरण

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासन आणि जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्य यांच्यात कुशल मनुष्यबळ पुरविण्याबाबत करार झाला. प्रारंभी सुमारे १०,००० कुशल उमेदवार पाठविण्याचे उद्दिष्ट जाहीर झाले. परिचारिका, वीजतंत्री, वाहनचालक अशा अनेक व्यवसायांचा त्यात समावेश होता. ऑक्टोबर २०२४ मध्ये जर्मनीने भारतीय कुशल कामगारांसाठीच्या वार्षिक व्हिसांची संख्या २०,००० वरून ९०,००० पर्यंत नेण्याची घोषणा केली. गंगाखेडसारख्या ठिकाणच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील किंवा परिचर्या विद्यालयातील विद्यार्थ्याला ही संधी निश्चितच मोलाची वाटेल.

त्या विद्यार्थ्याच्या मनात येणाऱ्या शंका पाहू. जाहिरातीत दिलेले वेतन हातात पडते काय? जर्मनीत आयकराबरोबरच आरोग्य, निवृत्तिवेतन, बेकारी आणि दीर्घकालीन शुश्रूषा यांच्या विम्याची कपात होते. अविवाहित व्यक्तीच्या वेतनातील साधारण एक तृतीयांशाच्या आसपास रक्कम त्यात जाते. आपली पदविका तेथे चालेल काय? परिचर्येसारख्या व्यवसायात शैक्षणिक अर्हतेची मान्यता घ्यावी लागते. ती पूर्ण होईपर्यंत सहायक म्हणून कमी वेतनावर काम करावे लागू शकते. भाषा किती लागेल? नमस्कार-चमत्कारापुरती जर्मन पुरत नाही. रुग्णाशी बोलण्याइतकी आणि नोंदी लिहिण्याइतकी भाषा यावी लागते आणि तिच्यासाठी अनेक महिने द्यावे लागतात. त्या महिन्यांत घरखर्च कसा चालेल? कुटुंबाला नेता येईल काय? कमावत नसलेली पत्नी वा पती आणि मुले यांना वैधानिक आरोग्य विम्यात कुटुंबसदस्य म्हणून संरक्षण मिळते. आईवडिलांना ते मिळत नाही. एकुलत्या एका मुलाच्या आईवडिलांसाठी ही माहिती वेतनाच्या आकड्याइतकीच निर्णायक असते.

या प्रश्नांची उत्तरे प्रतिकूल आहेत असे नाही. काही उत्तरे चांगलीच दिलासा देणारी आहेत. केरळने या बाबतीत पुढचे पाऊल टाकले आहे. नोर्का रूट्स ही राज्य शासनाची संस्था आणि जर्मन यंत्रणा यांच्यात डिसेंबर २०२१ मध्ये 'ट्रिपल विन' कार्यक्रमाचा करार झाला. त्यात परिचारिकांना भाषेचे प्रशिक्षण विनामूल्य देण्याची व्यवस्था आहे. भाषा शिकण्याचा खर्च कोण करणार, ही शंका तेथे उमेदवाराने विचारण्यापूर्वीच योजनेच्या रचनेत सोडविली गेली. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनेही २०१६ च्या न्याय्य भरतीच्या तत्त्वांत भरतीचा खर्च कामगारावर टाकू नये, असे स्पष्ट म्हटले आहे.

शंकांचे वर्गीकरण

वरील विवेचनावरून उसाच्या फडावर जाणारे जोडपे आणि जर्मनीला जाणारी परिचारिका यांच्या शंका मूलतः सारख्याच आहेत, असे दिसून येते. त्यांची मांडणी पुढीलप्रमाणे करता येईल.

१) पैशाची शंका : प्रत्यक्ष हातात किती पडेल, कपाती कोणत्या, आगाऊ रक्कम कशी फिटेल, हिशेबाची प्रत कोणाकडे राहील.

२) कामाची शंका : सांगितलेले काम आणि प्रत्यक्ष काम एकच आहे काय, तास किती, वरिष्ठ कोण, शिक्षणाला मान्यता आहे काय.

३) कुटुंबाची शंका : सोबत कोणाला नेता येईल, मागे राहिलेल्यांचे काय, मुलांची शाळा कुठे.

४) देहाची शंका : आजारपण, अपघात, बाळंतपण, राहण्याची जागा, पाणी, स्त्रियांची सुरक्षितता.

५) परतीची शंका : काम सोडता येईल काय, परतीचा खर्च कोणाचा, मूळ प्रमाणपत्रे व पारपत्र कोणाच्या ताब्यात, अडचणीत कोणाला फोन करावयाचा.

पहिल्या दोन शंका उमेदवार धीर करून विचारतो. तिसरी तो संकोचाने विचारतो. चौथी व पाचवी तो बहुधा विचारतच नाही. म्हणून भरती करणाऱ्याच्या प्रामाणिकपणाची कसोटी पाहायची असेल, तर त्याने शेवटच्या दोन शंकांची उत्तरे न विचारता व लेखी दिली आहेत काय, हे पाहावे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता अमलात आल्या आहेत. त्यांतील व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत आंतरराज्य स्थलांतरित कामगारांविषयीचा १९७९ चा कायदा विलीन झाला. या संहितेत कामगाराला नियुक्तिपत्र देण्याचे बंधन नियोक्त्यावर घातले आहे. नियुक्तिपत्रात काम आणि वेतन यांबरोबर आजारपणाचे व परतीचे नियमही आले, तर या तरतुदीचे खरे चीज होईल.

महाविद्यालयाची भूमिका

ग्रामीण महाविद्यालयातील रोजगार मार्गदर्शन कक्ष सामान्यतः कंपनीच्या प्रतिनिधीला सभागृह उपलब्ध करून देतो, विद्यार्थ्यांची यादी देतो आणि किती जणांची निवड झाली याची नोंद अहवालात घेतो. मूल्यांकनाच्या दृष्टीने ही नोंद आवश्यक आहे. तथापि निवड झालेल्यांपैकी सहा महिन्यांनी किती जण त्या नोकरीत आहेत आणि जे परत आले ते का आले, याची नोंद ठेवल्यास पुढील तुकडीला ती अधिक उपयोगी पडेल.

या कक्षाला काही साध्या गोष्टी करता येतील. भरतीस येणाऱ्या प्रत्येक संस्थेकडून वरील पाच शंकांची लेखी उत्तरे मराठीत आधी मागवावीत आणि ती सूचनाफलकावर लावावीत. विद्यार्थ्याने विचारले तर त्याच्याविषयी वाईट मत होते. महाविद्यालयाने विचारले तर तो शिष्टाचार ठरतो. परदेशी भरतीच्या बाबतीत एजंटाचा नोंदणी क्रमांक ई-मायग्रेटवर पडताळून पाहावा आणि पर्यटक व्हिसावर नोकरी देऊ करणाऱ्याला प्रवेशच देऊ नये. पालकांची सभा स्वतंत्रपणे घ्यावी, कारण निर्णय घरात होतो. जाऊन परत आलेल्या माजी विद्यार्थ्यांना बोलवावे. टिकलेल्याचा अनुभव जसा ऐकावा, तसाच न टिकलेल्याचाही ऐकावा.

ऊसतोड कामगारांची मुले याच वर्गांत बसतात. दिवाळीनंतर काही बाके रिकामी होतात, त्यांचे कारण अध्यापकांना ठाऊक असते. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या क्षेत्रातील महाविद्यालयांत नव्या शैक्षणिक धोरणानुसार क्षेत्रीय प्रकल्पांना श्रेयांक मिळतात. वाणिज्य वा अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी गावातील कोयत्यांचा उचल, खर्ची, टन आणि बाकी यांचा हिशेब मांडून देणे, हा अशा प्रकल्पाचा विषय होऊ शकतो. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात वसतिगृहांची व महामंडळाच्या योजनांची माहिती पोळ्यापूर्वी गावात पोहोचविता येईल. मुकादम येण्यापूर्वी ही माहिती घरात असेल, तर बोलणी निराळ्या पायावर होतील.

समारोप

उमेदवाराची शंका ही भरतीतील अडथळा मानली जाते. वस्तुतः ती कामाविषयीच्या अपुऱ्या माहितीची खूण असते. तिचे उत्तर दिल्याने नियोक्त्याचे नुकसान होत नाही. न दिल्याने कामगाराचे मात्र होते, आणि त्याचा भार पुढे कुटुंबावर पडतो. मुकादमाची पद्धत पाहिली तर उमेदवाराच्या मनातील ओळखणे अवघड नाही, हे लक्षात येते. अडचण आहे ती उत्तराबरोबर येणारी जबाबदारी स्वीकारण्याची. ही जबाबदारी कारखाना, एजंट, कंपनी वा शासन आपणहून स्वीकारील, अशी वाट पाहत बसणे विद्यार्थ्यांच्या हिताचे नाही. ज्याला प्रश्न विचारणे परवडत नाही, त्याच्या वतीने तो विचारण्याचे काम त्याच्याशी वर्षभर बोलणाऱ्या अध्यापकाला करता येण्यासारखे आहे. गंगाखेडच्या परिसरात त्या कामाची वेळ दरवर्षी पोळ्याच्या सुमारास येते.